उष्टे सेल

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक दुकानात आले तेव्हा मी एका गिऱ्हाइकाशी भांडत होते. ते बिचारे पंख्याखाली उभे राहिले. गिऱ्हाईक माल घेऊन गेलं (मी भांडते, पण माल विकल्याशिवाय भांडण संपवत नाही) तेव्हा ते पुढे येऊन म्हणाले, "अक्का, तुमच्या धंद्यावर काहीतरी लिहा ना. सेलवर."

"सेलवर कोण वाचणार? सेल संपेपर्यंत लोकांना सेल आहे हेसुद्धा आठवत नाही."

"तेच लिहा," ते म्हणाले आणि रिमोटचे दोन सेल घेऊन गेले. घासाघीस केली नाही. अशा माणसांचं मला वाईट वाटतं.

तर लिहिते. जयनगरात माझं सेलचं दुकान आहे. सेल म्हणजे घड्याळात, रिमोटमध्ये, घंटीत घालतात ते. बेंगळूरात त्याला सगळे 'शेल्लु' म्हणतात, म्हणून मी शेल्लु अक्का. पहिल्यांदा बोर्डावर कानडी अक्षरांत नुसतंच मोठं 'सेल' लिहून घेतलं होतं. बायका आत येऊन विचारायला लागल्या, सेल कधीपर्यंत आहे आणि साड्या कुठल्या बाजूला. बोर्ड बदलावा लागला. आमच्या घराण्याला या गावात कितीतरी पिढ्या झाल्या. इथलं प्रत्येक मराठी घर सांगतं, आम्ही मराठ्यांच्या फौजेबरोबर आलो. सगळे खरं बोलत असतील तर त्या फौजेत लढायला कुणीच नव्हतं, नुसते शिंपी, कारकून आणि दुकानदार होते. माझे वडील शिंपी. त्यांनी मला मशीनला तेल घालायला शिकवलं आणि भाव करायला शिकवलं. दुसरं जास्त उपयोगी पडलं.

आधी मी प्रकाशण्णांच्या इलेक्ट्रिकल दुकानात कामाला होते. आमच्याच रस्त्यावर, चार दुकानं सोडून. वायर, होल्डर, पंखे त्यांचे, आणि सेलचा कोपरा माझा. तिथं उभं राहून माझ्या लक्षात आलं की घरोघरी सगळ्यात जास्त सेल खातात ती मोठी यंत्रं नव्हेत. घड्याळ, रिमोट, दाराची घंटी, वजनकाटा, संगणकाचा उंदीर, अशी चिल्लर मंडळी. एकेकटं थेंब थेंब पितं, पण घरात दहा-बारा जणं असतात आणि वर्षभर पीत असतात. पुन्हा पुन्हा भरता येणारे, म्हणजे रिचार्जेबल सेल लोकांना द्यावेत, असं मी प्रकाशण्णांना सुचवलं.

ते हसले. "अक्का, शेल्लु संपतो म्हणून गिऱ्हाईक परत येतं. न संपणारा शेल्लु विकलास तर आपण काय हवा खायची?"

हिशोब बरोबर होता. पण मला हसले ते आवडलं नाही. मी नोकरी सोडली आणि चार दुकानं पलीकडे गाळा घेतला.

माझी पद्धत सोपी होती. काचेच्या दुधाच्या बाटल्या असायच्या, तशी. गिऱ्हाइकाने भरलेली जोडी न्यायची, संपली की रिकामी आणून द्यायची आणि दुसरी भरलेली न्यायची. घरी चार्जर नको, विसरायला नको, वाट बघायला नको. माझ्याकडे चांगला चार्जर होता, प्रत्येक सेलकडे वेगळं बघणारा. स्वस्त चार्जर दोन सेल एकत्र भरतो, आणि मग जोडीतल्या एकाला अजीर्ण होतं, दुसरा उपाशी राहतो. आणि जोडी मी कधी मोडत नाही. एका जोडीला एकाच रंगाच्या नेलपॉलिशचा ठिपका. नवा सेल जुन्याबरोबर घातला की नवा राबतो आणि जुना त्याचं रक्त पितो. सेलची लग्नं मी लावते आणि घटस्फोट होऊ देत नाही, असं मी गिऱ्हाइकांना सांगायची. लोक हसायचे आणि न्यायचे.

मग प्रकाशण्णांनी एक शब्द काढला. एंजलु शेल्लु.

एंजलु म्हणजे उष्टं. दुसऱ्याच्या घरात वापरलेला सेल तुमच्या घरात, म्हणजे उष्टा सेल. बाहेरच्या माणसाला हा शब्द गमतीचा वाटेल. पण आमच्या भागात अजूनही लोक तांब्या ओठाला न लावता वरून पाणी पितात. इथं एखाद्या वस्तूला एंजलु म्हटलं की तिची किंमत शून्य. तो शब्द रस्त्यावरून फिरला आणि माझी गिऱ्हाइकं गळायला लागली. एक वयस्कर गृहस्थ सेल दोन बोटांत, नखांनी धरून विचारायला लागले, "हा आधी कुठल्या घरात होता?"

"एका फ्लॅटमध्ये, सर."

"मांसाहारी घर नव्हतं ना?"

"सर, हा रिमोटमध्ये होता. रिमोट शाकाहारी होता."

ते सेल ठेवून निघून गेले. माझं तोंड असं आहे. पण त्या दिवशी शटर ओढताना मी मनात प्रकाशण्णांना जे काही म्हटलं ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

त्यांनी एवढ्यावर थांबवलं नाही. एस. पी. रोडच्या ज्या ठोक व्यापाऱ्याकडून ते माल घ्यायचे, त्याच्याकडेच मी जायची. तिथं त्यांच्या सांगण्यावरून माझ्यासाठी वेगळा माल निघायला लागला. चकचकीत, वर भला मोठा आकडा छापलेला. आता हे आकड्याचं प्रकरण सांगते, कारण सेल घेताना नव्वद टक्के लोक इथंच फसतात.

सेलवर जो आकडा असतो तो म्हणजे पोटात किती मावतं त्याचं माप. आकडा मोठा, तर सेल चांगला, असं वाटतं. पण रिचार्जेबल सेलच्या दोन जाती आहेत. एक माठ आणि एक कळशी. माठ मोठा असतो, पण पाझरतो. तुम्ही पाणी प्या, न प्या, काही दिवसांनी तळाला गेलेलं. कळशी लहान, पण भरून झाकून ठेवली तर वर्षाने उघडा, पाणी बरंचसं तसंच. मुलांच्या पळणाऱ्या मोटारीला, फोटोच्या फ्लॅशला माठ चालतो, कारण तिथं पाणी पाझरायच्या आधीच घटाघटा पिऊन टाकतात. घड्याळ, रिमोट, घंटी थेंब पिणारी. त्यांना माठ दिला तर यंत्र पितं कमी आणि जमीन पिते जास्त. त्यांना कळशीच हवी.

पुण्याहून आलेले एक देशपांडे आमच्या मागच्या गल्लीत राहतात, संगणकाच्या कंपनीत आहेत. ते एकदा तावातावाने आले. "मॅडम, ॲक्च्युअली मी भरपूर रिसर्च करून ऑनलाइन हायेस्टवाले मागवले होते. सगळ्या घरात तेच टाकले. दोन महिन्यांत डोअरबेल डेड, रिमोट डेड!"

मी त्यांना माठ आणि कळशी सांगायला सुरुवात केली. माझं अर्ध्यावर असतानाच ते कपाळावर हात मारून म्हणाले, "सेल्फ डिस्चार्ज! अरे, हे मी कसं नाही चेक केलं?" मग त्यांनीच मला समजावलं की पाकिटावर कुठले शब्द बघायचे, आणि 'भरून मिळतो, लगेच वापरा' असं लिहिलेला रिचार्जेबल बहुधा कळशीच असतो, कारण माठ भरून दुकानापर्यंत टिकलाच नसता. हे मला तोपर्यंत सुचलं नव्हतं. त्या दिवसापासून मी ते गिऱ्हाइकांना माझं म्हणून सांगते. देशपांड्यांना मी भावात स्वल्प सूट दिली. स्वल्पच.

तर एस. पी. रोडचा चकचकीत माल. आकडा इतका मोठा, की तेवढं त्या सेलच्या पोटात मावणं शक्यच नव्हतं. मी पिशवीतून सोनाराचा छोटा काटा काढून व्यापाऱ्याच्या गल्ल्यावर ठेवला.

"हे काय अक्का, दागिने घ्यायला आलीस?"

"वजन करते."

"शेल्लु कुणी किलोवर घेतं का?"

"मी घेते." एका पारड्यात माझा जुना खात्रीचा सेल ठेवला, दुसऱ्यात त्याचा नवा. त्याचा सेल वर गेला तो गेलाच. खरा सेल आतून गच्च भरलेला असतो, हातात घेतला की जाणवतो. आकडा दुप्पट आणि वजन निम्मं, तर आत काय आहे? हवा. "अण्णा, ही हवा तू कुठून भरतोस? इथली की लालबागच्या बागेतली?"

शेजारच्या दुकानातले लोक जमले. तो खालच्या आवाजात म्हणाला, "अक्का, भाव कमी करतो, ओरडू नको."

"हवेचा भाव मला माहीत आहे. फुकट."

काटा पिशवीत टाकून मी तिथून निघाले, ती थेट शहराबाहेर होसकोटेला. तिथल्या औद्योगिक भागात एका सेलच्या कंपनीचं गोदाम आहे, एवढं ऐकून होते. पोचताच गेटवर उभी राहिले, तर वॉचमनने हाकललं. दुपारी गोदामाचे साहेब जेवायला बाहेर आले तेव्हा मी त्यांच्या डब्याच्या बाजूला बसले. त्यांना मी माल मागितलाच नाही आधी. म्हटलं, साहेब, तारीख जुनी झाली म्हणून मोठे दुकानदार जी खोकी परत पाठवतात, त्यांचं काय करता? पडून असतात, साहेब म्हणाले. कळशी जातीचा सेल पडून राहिला म्हणून बिघडत नाही, पुन्हा भरला की झाला. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मोठ्या दुकानदारांना ते सांगत बसायला वेळ नव्हता. त्यांचा डबा संपायच्या आत माझा भाव ठरला. बस के. आर. पुरमला अडकली, मांडीवर खोकी, पायाला मुंग्या, पण मी आतल्या आत गाणं म्हणत होते. प्रकाशण्णांनी रस्ता बंद केला नसता तर मला हे गोदाम कधी सापडलं नसतं. म्हणून मी त्यांचे आभार मानते असं नाही.

माल चांगला मिळाला, तरी शब्द होताच. एंजलु. तो शब्द न जुमानणारं मोठं गिऱ्हाईक मला एकच मिळालं. जयनगरातलाच एक वृद्धाश्रम. विजया मॅडम तिथल्या व्यवस्थापक, पूर्वी मोठ्या रुग्णालयात मेट्रन होत्या. मी घाबरत घाबरत माझी बाटलीची पद्धत सांगितली, तर त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी रुग्णालयात सुया उकळून परत वापरायचो. मला उष्ट्याचं काय सांगतेस? घंटी वाजली पाहिजे, बस."

तिथं प्रत्येक पलंगाशी, आणि प्रत्येक न्हाणीघरात, एक बिनतारी घंटी आहे. बटण दाबलं की ऑफिसमधल्या डब्यात दिवा लागतो आणि आवाज होतो. कोण पडलं, कुणाला धाप लागली, कुणाला नुसतंच बोलायचं आहे, सगळं त्या घंटीवर. प्रत्येकाने आपला आवाज निवडला होता. कुणाची चिमणी, कुणाची आरती, कुणाचं नुसतं डिंगडाँग. सेल माझे. ठरलेल्या वारी मी भरलेला संच पाठवायची, तिथला मंजुनाथ सगळे सेल बदलायचा आणि रिकामे परत यायचे. मंजुनाथ म्हणजे आश्रमाचा हरकाम्या, नळापासून व्हीलचेअरपर्यंत सगळं त्याच्याकडे. वर्ष गेलं, एकदाही तक्रार नाही. गिऱ्हाइकांना मी छाती ठोकून सांगायची, जा, त्या आश्रमात विचारून या. आणि त्यामुळे हळूहळू माणसं परत येत होती. म्हणजे माझं सगळं दुकान त्या घंट्यांवर टांगलेलं होतं म्हणा ना.

दसऱ्याच्या आधी मी होसकोटेहून आणलेला कोरा संच भरून पाठवला. सणात माणसं सुट्टीवर जातात, घंट्या चोख पाहिजेत. दसरा झाला, आणि विजया मॅडमचा फोन आला. "ताबडतोब ये." पुढे काही नाही.

मी गेले तर ऑफिसात प्रकाशण्णा बसलेले. पायाशी नव्या सेलचं खोकं, एकदा वापरून फेकायच्या जातीचे. चेहऱ्यावर सांत्वनाला आल्यासारखा भाव. टेबलावर स्टीलच्या ताटात माझे सेल, घंट्यांतून काढलेले. आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत सावित्रक्का, मनगटाला प्लास्टर. सावित्रक्का आमच्याच मराठी समाजातल्या, निवृत्त शिक्षिका. आदल्या दुपारी त्या न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. बटण दाबलं, आवाज नाही. पुन्हा दाबलं. जेवणं होऊन सगळे आडवे झालेले, खाली टीव्ही चाललेला, हाका कुणाला ऐकू गेल्या नाहीत. झाडणारी बाई आली तेव्हा त्या सापडल्या. मग सगळ्या घंट्या तपासल्या तर निम्म्याअधिक मुक्या.

"मला काही ऐकायचं नाही," विजया मॅडम म्हणाल्या. "मी तुझ्यावर विश्वास टाकला होता."

प्रकाशण्णांनी एक सेल उचलून उजेडात धरला. "बघा मॅडम. फुटलाय. पांढरं बाहेर आलंय. मी सगळ्यांना सांगत होतो, एंजलु शेल्लु तो एंजलु शेल्लुच."

मी बघितलं. सेलच्या डोक्यावर, ते टेंगूळ असतं तिथं, खरंच पांढुरकं, पिवळट काहीतरी वाळून बसलं होतं. सेल फुटला की असंच दिसतं. पण नव्या संचातले सेल एकदम इतके फुटतील? मी मीटर काढून टोकं लावली. भरलेला. दुसरा. भरलेला. एक जोडी घंटीत घालून बटण दाबलं. काही नाही. मीटर म्हणतो पोट भरलंय, घंटी म्हणते मी उपाशी.

"मीटर पण सेकंडहँड असेल," प्रकाशण्णा म्हणाले.

"तुम्ही तोंड बंद ठेवा!" मी इतक्या मोठ्याने ओरडले की व्हरांड्यातल्या आज्या दारात जमा झाल्या. "तुमच्या दुकानात उभी राहून मी तुम्हाला सेल विकायला शिकवला!"

"अक्का," विजया मॅडम म्हणाल्या, "ओरडून घंटी वाजणार आहे का?"

नव्हती वाजणार. मी सेल डोळ्यांजवळ नेला, नीट बघायला. आणि नाकाला वास आला. चंदनाचा.

फुटलेल्या सेलला चंदनाचा वास येत नाही. मी दुसरा हुंगला, तिसरा हुंगला. ताटातून अख्ख्या देवघराचा वास येत होता. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, पण मी बोलले नाही. धंद्यात पहिल्या झटक्याला हातातलं दाखवायचं नसतं.

"मॅडम, स्वयंपाकघरातून हळद मागवा. आणि वाटीत स्वल्प पाणी."

"हळद कशाला?"

"भाजी करते या सेलची."

हळद आली. दारातल्या आज्या आत आल्या. मी म्हटलं, "सेलच्या पोटात क्षार असतो, चुन्याच्या जातीचा. माझ्या सेलच्या पोटातही असतो, प्रकाशण्णांच्या त्या महागातल्या अल्कलाईनच्या पोटातही असतो. हळदीला चुना लागला की काय होतं?"

"कुंकू!" तीन-चार आज्या एकदम म्हणाल्या. सावित्रक्का खुर्चीत पुढे सरकल्या. "आमच्या आईने घरीच केलंय. लाल होते हळद."

"मग बघा. फुटून क्षार बाहेर आला असेल, तर हळद लाल होईल."

ओली हळद बोटाने सेलच्या डोक्यावरच्या पांढऱ्यावर लावली. सगळे वाकून बघायला लागले. पिवळी. दुसरा सेल, पिवळी. तिसरा, पिवळी. अख्खं ताट पिवळं, हळदीकुंकवातली फक्त हळद.

"याने काय सिद्ध होतं?" प्रकाशण्णा म्हणाले. "हळद जुनी असेल."

या प्रश्नाचीच मी वाट बघत होते. ऑफिसच्या खिडकीत वीज गेल्यावर लागणारा टॉर्च धूळ खात पडला होता. तो प्रकाशण्णांच्या दुकानातून आलेला, सेलसकट. मी झाकण फिरवलं. ते फिरेना. जोर लावला तेव्हा कुरकुरत निघालं आणि आतून अल्कलाईन सेल बाहेर आला, दाढी वाढल्यासारखी पांढरी बुरशी घेऊन. कपडा गुंडाळून धरला, कारण तो खरा क्षार, हाताला झोंबतो. त्याच वाटीतली तीच हळद त्याला लावली.

बघता बघता लाल झाली. गडद, लग्नातल्या मळवटासारखी.

एका आजींनी टाळ्या वाजवल्या. प्रकाशण्णा टॉर्चकडे असे बघत होते की जणू तो त्यांना ओळखतच नव्हता.

"माझे सेल फुटलेले नाहीत," मी म्हटलं. "यांच्या डोक्यावर गंध आहे. उगाळलेल्या चंदनाचं. वाळल्यावर त्याची खपली झाली आणि वीज त्यातून जाईना. मीटरची टोकं सुईसारखी, ती खपली फोडून आत जातात, म्हणून मीटर भरलेला दाखवतो. घंटीची पट्टी बोथट, ती वरच अडकते. आता मला सांगा, सेलना गंध कुणी लावलं?"

मग दाराशी मंजुनाथ दिसला. उंचापुरा, पन्नाशीचा माणूस, पण चेहरा असा की आता रडेल.

"आयुधपूजेला, अक्का," तो म्हणाला. "दरवर्षी मी सगळ्याची पूजा करतो. कुकर, स्ट्रेचर, व्हीलचेअर, पान्हे. या वेळी नवा संच आला होता. म्हटलं, खरं आयुध तर हेच, हेच माणसं वाचवतं. ताटात ओळीने उभे केले आणि एकेकाच्या कपाळाला गंध लावलं."

"कपाळ कुठलं सेलचं?"

"ते वरचं टेंगूळ, तेच कपाळ ना?"

"आणि कुंकू?"

"कुंकू यंत्रात सांडलं तर खराब होईल, म्हणून नाही लावलं. मी नीट विचार केला होता, अक्का!"

विजया मॅडमनी तोंडावर पदर धरला. त्या हसत होत्या की रडत होत्या कळेना. मला त्याच्यावर चिडायचं होतं, सावित्रक्कांचं मनगट समोर होतं. पण ज्या सेलला सगळा रस्ता उष्टा म्हणत होता त्याला या माणसाने, सगळ्या बेंगळूरात या एकट्याने, आयुध मानून ओवाळलं होतं. मी न ओरडता एक सेल पुसायला घेतला. असं क्वचित होतं.

प्रकाशण्णांनी संधी साधली. "सरी, सरी, मान्य, फुटले नसतील. पण इथून निघाले की दुसऱ्यांच्या घरात जाणारच ना? एंजलु ते एंजलु."

सावित्रक्का खुर्चीतून उठल्या. प्लास्टरचा हात पोटाशी, पण आवाज अजून मागच्या बाकापर्यंत पोचणारा. "प्रकाशण्णा, देवापुढे ठेवलेल्या वस्तूला उष्टं म्हणत नाहीत. तिला प्रसाद म्हणतात. एवढंही घरी शिकवलं नाही का?"

जयनगरात प्रसादाला नको म्हणायची कुणाची छाती नाही. गल्लीत तो शब्द त्या दिवशी मेला. मारला सावित्रक्कांनी, पण श्राद्ध मी रोज घालते, येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ही गोष्ट सांगून. प्रकाशण्णांनी माझी माफी मागितली नाही ती नाहीच. मीही विसरलेले नाही. समोरून आले की मी काट्याचं पारडं पुसायला घेते.

मग कामाला लागलो. औषधांच्या कपाटातलं स्पिरिट आणि कापूस घेऊन आज्यांनी टेबलाभोवती बैठक मारली आणि एकेक सेलचं कपाळ पुसलं. शेंगा सोलायला बसल्यासारख्या गप्पा चालल्या होत्या. मंजुनाथने घंट्यांच्या आतल्या पट्ट्या घासल्या. त्याला मी सांगितलं, पूजा जरूर कर, पण सेलला गंध पाठीवर लाव, प्लॅस्टिकवर, डोक्याला आणि बुडाला नाही. तो म्हणाला, "पाठीवर गंध? बरं दिसेल का, अक्का?" मी म्हटलं, वैष्णव दंडावरही लावतात. ते त्याला पटलं.

विजया मॅडम जवळ आल्या. "अक्का, यापुढे पण तुझेच सेल. पण आता कायमचं गिऱ्हाईक आहोत, भाव कमी कर."

"भाव? मला चोर ठरवलंत, त्याचा भाव आधी काढा!" मी उसळले. "एक पैसा कमी नाही. आणि टॉर्च, भिंतीवरची घड्याळं, टीव्हीचे रिमोट, तेही सगळं आता माझ्याकडे. आणि घंटी रोज एकदा वाजवून बघायची, हे मंजुनाथचं काम. सेल कितीही चांगला असो, घंटी वाजवून बघितल्याशिवाय तिच्यावर जीव सोपवायचा नाही. हे मान्य असेल तर बोला."

"रोज वाजवायची ते मान्य. घड्याळं पण घे. टॉर्च पण घे," त्या म्हणाल्या. "भावाचं काय?"

"घड्याळांना जुन्या झालेल्या जोड्या चालतात, त्या स्वस्तात घालून देते. तिथं तुमचे पैसे वाचतील. घंट्यांना भाव तोच."

त्या हसल्या आणि हात पुढे केला. प्रकाशण्णा खोकं उचलून निघाले.

सगळ्या घंट्यांत सेल पडले तेव्हा विजया मॅडम म्हणाल्या, आता एकेकाने आपापल्या खोलीत जाऊन दाबून बघा, क्रमाने. आज्या आणि आजोबा गेले. क्रम वगैरे कुणी पाळला नाही. पहिली चिमणी वाजली, तिच्यावर आरती, तिच्यावर डिंगडाँग, कुणाची तरी बासरी, मग सगळंच एकदम. ऑफिसच्या डब्यातले सगळे दिवे लागले. सावित्रक्का न्हाणीघराच्या दारात उभ्या राहून बऱ्या हाताच्या अंगठ्याने बटण दाबत होत्या, सोडत होत्या, पुन्हा दाबत होत्या, आणि प्रत्येक वेळी इकडे आवाज आला की "वाजली!" म्हणत होत्या.

"अक्का, थांबव यांना," विजया मॅडम कानांवर हात ठेवून म्हणाल्या, "सेल उतरतील!"

"उतरू देत मॅडम," मी म्हटलं. "भरायला मी आहे."